नव्या मुंबईच्या घरातील खिडकी : टिकाऊपणाच्या कल्पनेचा इतिहास

१

महाराष्ट्रातील वास्तुशिल्पाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी प्रायः लेणी, मंदिरे, किल्ले आणि वाडे यांवर स्थिरावलेली असते. राहत्या घराची खिडकी या इतिहासात आलीच तर गवाक्षाच्या नक्षीपुरती येते. ती कोणत्या द्रव्याची होती, किती वर्षे टिकली, तिची डागडुजी कोण करीत असे आणि ती काढून दुसरी बसविण्याची वेळ का आली, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. वस्तुतः सामान्य गृहस्थाच्या दृष्टीने हेच प्रश्न अधिक निकडीचे असतात. नक्षी नसली तरी घर चालते. खिडकीतून पाणी आत येऊ लागले म्हणजे चालत नाही.

या प्रश्नांच्या अभ्यासाला नवी मुंबई हे क्षेत्र विशेष अनुकूल आहे. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे जुळे नगर वसविण्याची कल्पना ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको या शासकीय कंपनीची स्थापना झाली. आणि ९५ गावांच्या सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर या नगराची आखणी झाली. येथील पहिल्या वसाहती आता अर्धशतकाच्या घरात आल्या आहेत. भिंती त्याच असल्या तरी त्या भिंतींतील पोकळ्यांत बसविलेल्या खिडक्या अनेक घरांत दुसऱ्या, क्वचित तिसऱ्या पिढीच्या आहेत. एवढ्या लहान अवधीत एकाच पोकळीत लाकूड, पोलाद, अ‍ॅल्युमिनियम व प्लास्टिक ही द्रव्ये क्रमाने येऊन जावीत, ही घटना विचारार्ह आहे.

या क्रमाची प्रचलित उपपत्ती सोपी आहे. लाकूड कुजते, लोखंड गंजते, म्हणून अ‍ॅल्युमिनियम आले. आणि त्याहून उत्तम म्हणून आता यूपीव्हीसी आले. ही उपपत्ती खोटी नाही, परंतु अपुरी आहे. खिडकी बदलली जाते ती केवळ द्रव्य निकामी झाल्यामुळे नव्हे. तिचे सांधे निकामी होतात, आणि ते सांधे दुरुस्त करणारा माणूस किंवा ती दुरुस्ती करवून घेणारी व्यवस्था नाहीशी झालेली असते, म्हणूनही ती बदलली जाते. टिकाऊपणा हा द्रव्याचा अंगभूत गुण नसून द्रव्य, हवामान आणि देखभाल यांच्यातील संबंध आहे, हे प्रतिपादन करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

नगर वसण्यापूर्वी या भूभागात आगरी व कोळी समाजाची गावे, भातखाचरे आणि मिठागरे होती. ठाण्याच्या खाडीचे खारे पाणी, दमट हवा आणि वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस, तोही बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, ही येथील निसर्गाची अट आहे. पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर पाऊस तिरपा, झडीने येतो. कोकणातील घराने या अटींना दिलेले उत्तर खिडकीत नव्हे, तर छपरात होते. उतरते कौलारू छप्पर भिंतीच्या बरेच पुढे येई आणि खिडकी त्याच्या सावलीत राही. झडीचा पाऊस तरीही पोचेल तेथे माडाच्या झावळ्यांचे झाप लावीत.

खिडकी स्वतः साधी असे : लाकडी चौकट, दोन झडपा, उभे गज, बिजागऱ्या, कडी आणि कोयंडा. तावदान बहुधा नसे. गोव्यातील पोर्तुगीजकालीन घरांत काचेच्या जागी शिंपल्यांची पातळ, अर्धपारदर्शक तावदाने लाकडी पट्ट्यांत बसवीत, आणि तेथेही तत्त्व हेच होते. एक शिंपला फुटला तर तेवढाच बदलावा. या खिडकीचा प्रत्येक अवयव सुटा होता. झडपेचा खालचा भाग कुजला तर सुतार तेवढा कापून नवा तुकडा सांधी; बिजागरी झिजली तर लोहार नवी देई. आगोटीच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीच्या काळात, छप्पर शाकारणे, लाकडाला तेल देणे ही कामे वर्षक्रमात ठरलेली होती.

तेव्हा जुन्या सागवानी खिडकीच्या दीर्घायुष्याचे श्रेय केवळ सागवानाला देणे योग्य होणार नाही. सागाच्या अंगचे तेल व घट्ट पोत यांमुळे तो वाळवीला आणि पाण्याला इतर लाकडांपेक्षा अधिक दाद देत नाही, हे खरे; परंतु तोच साग छज्जा नसलेल्या सपाट भिंतीत, वर्षानुवर्षे तेल-रंगाविना ठेवला तर चौकटीच्या खालच्या सांध्यांत पाणी मुरून तो कुजतो. पुढे आलेली पागोळी, वार्षिक देखभाल आणि हाकेच्या अंतरावरील सुतार हे तिन्ही घटक त्या टिकाऊपणात समाविष्ट होते.

३

यानंतरची खिडकी गावातून आली नाही. ती खाडीपलीकडच्या मुंबईतून आली. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात ब्रेनट्री येथे फ्रान्सिस हेन्री क्रिटॉल याने १८८४ मध्ये धातूच्या खिडक्या करण्यास आरंभ केला. तापवून लाटलेल्या पोलादी पट्ट्यांची ही खिडकी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभर पसरली. मुंबईत १९३० च्या दशकात ओव्हल मैदान व मरीन ड्राइव्ह येथे उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारतींची वास्तुशैली (जिच्या एका समूहास युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले) या बारीक चौकटीच्या खिडकीशी निगडित आहे. लाकडी चौकटीपेक्षा ती बारीक असल्याने काच अधिक मावे, प्रकाश अधिक येई. कारखान्यात ठरावीक मापांत तयार होत असल्याने मोठ्या गृहबांधणीला ती सोयीची होती. स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय मानकांनी पोलादी खिडकीची मापे व घडण निश्चित केली आणि सार्वजनिक बांधकामांत ती रुळली.

या खिडकीचे मर्म तिच्या रंगात होते. पोलादावरील रंगाचा थर अखंड असेतो ती टिके. तो तडकला की खाऱ्या हवेतील क्लोराइडे तेथे शिरत. तावदान व पट्टी यांच्यामधील पुट्टी सुकून भेगाळली की खालच्या आडव्या पट्टीवर पाणी साचून राही, आणि गंजाची सुरुवात बहुधा तेथूनच होई. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे पट्टी फुगून झडप घट्ट बसते, काच तडकते, आणि चौकट ज्या ठिकाणी भिंतीत पुरलेली असते तेथील गिलावा फुटतो. म्हणजे खिडकीचा रोग भिंतीला लागतो. ठाणे-बेलापूर मार्गावर १९६० च्या दशकापासून उभ्या राहिलेल्या रासायनिक कारखान्यांच्या धुरातील आम्लधर्मी वायूंनीही या क्रियेला हातभार लावला असला पाहिजे.

परंतु येथेही केवळ द्रव्याला दोष देऊन चालणार नाही. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेल्या भाड्यांत घरमालकांना खिडक्या नियमाने रंगविणे परवडेनासे झाले. नव्या मुंबईत प्रश्नाचे रूप वेगळे होते. येथे बहुसंख्य रहिवासी सदनिकेचे धनी होते. पण तिसऱ्या मजल्यावरील खिडकीची बाहेरची बाजू रंगवावयाची तर इमारतीला परांची बांधावी लागते, आणि परांची बांधणे हे एकट्या कुटुंबाचे काम नव्हे. ते सहकारी गृहनिर्माण संस्थेचे काम झाले. गावातील घरात आगोटीपूर्वी ज्याचा निर्णय कुटुंबप्रमुख करी, त्या कामासाठी आता सर्वसाधारण सभेचा ठराव आणि सर्व सभासदांची वर्गणी लागू लागली. संस्थेचे रंगकाम लांबणीवर पडले की प्रत्येक घराची खिडकी त्याबरोबर गंजत राही. पोलादी खिडकीच्या ऱ्हासाचे हे सामाजिक कारण आजवर दुर्लक्षित राहिले आहे.

४

सिडकोच्या गृहनिर्माणात या प्रश्नाचे एक वेगळे उत्तर शोधण्याचा प्रयत्न झाला, त्याची नोंद येथे करणे अवश्य आहे. बेलापूर येथील कलाग्राम (आर्टिस्ट्स व्हिलेज) ही चार्ल्स कोरिया यांनी आखलेली वसाहत १९८३ ते १९८६ या काळात उभी राहिली. सुमारे ५५० कुटुंबांसाठी आखलेल्या या वसाहतीत सात-सात घरे एका सामाईक अंगणाभोवती मांडलेली होती, आणि प्रत्येक घर शेजारच्या भिंतीपासून स्वतंत्र ठेवलेले होते. हेतू असा की कुटुंब वाढेल तसे घर वाढावे, आणि ते साध्या गवंड्या-सुतारांकरवी वाढविता यावे. उतरती कौलारू छपरे आणि ठेंगणी घरे यांमुळे खिडकी पुन्हा एकदा जमिनीवरून, शिडी लावून, हाताच्या टप्प्यात आली.

पुढील काळात या वसाहतीतील पुष्कळ घरे मूळ रूपात राहिली नाहीत. अनेकांनी ती पाडून काँक्रीटची उंच घरे बांधली आणि त्यांना बाजारात मिळणाऱ्या सरकत्या खिडक्या बसविल्या. या बदलाकडे केवळ अभिरुचीचा ऱ्हास म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. घर बदलता यावे हाच त्या योजनेचा हेतू होता. परंतु छपराची पागोळी गेल्याने खिडकी उघडी पडली आणि दुरुस्तीसाठी परांचीवर अवलंबून राहू लागली, ही गोष्टही नाकारता येत नाही. छप्पर व खिडकी यांचा जुना संबंध तुटला की केवळ खिडकीचे द्रव्य बदलून तो भरून निघत नाही, याचा हा दाखला होय.

५

अ‍ॅल्युमिनियमची खिडकी भारतात तेव्हा नवी नव्हती. तिच्यासाठीचे भारतीय मानक, आय. एस. १९४८, हे १९६१ मध्येच प्रसिद्ध झाले होते. तथापि घरगुती वापरात तिचा प्रसार पुढील दोन-तीन दशकांत झाला. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर चांगल्या लाकडाची उपलब्धता घटत गेली. १९९३ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या इमारतींत लाकडाच्या वापरावर बंदी घातली. मे १९९२ मध्ये वाशीपर्यंत रेल्वे आली आणि नव्या मुंबईतील वस्ती वेगाने वाढू लागली. हव्या त्या मापाची खिडकी चार दिवसांत कापून, जोडून, बसवून देणारे फॅब्रिकेटर याच काळात नोडानोडांतून दिसू लागले.

या खिडकीच्या यशाचे खरे रहस्य असे की तिला रंग लागत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर आपोआप ऑक्साइडचा पातळ, संरक्षक थर तयार होतो. अ‍ॅनोडायझिंगने तो जाड करता येतो. त्यामुळे गृहस्थ परांचीपासून आणि संस्थेच्या ठरावापासून मुक्त झाला. शिवाय सरकती झडप बाहेर उघडत नाही, म्हणून तिच्या पुढे लोखंडी गजांची पेटी बसविता येते. त्या पेटीत कुंड्या आल्या, वाळत घातलेले कपडे आले, कधी पाण्याची टाकीही आली. अ‍ॅल्युमिनियमचा प्रसार हा म्हणून धातूच्या विजयापेक्षा देखभालीतून सुटण्याच्या इच्छेचा विजय होता.

ही सुटका मात्र अर्धवट ठरली. याची कारणे चार सांगता येतील. पहिले, दोन रुळांची सरकती खिडकी कोणत्याही वेळी निम्मीच उघडते. राष्ट्रीय इमारत संहिता दमट-उष्ण प्रदेशात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक-षष्ठांश इतकी पोकळी अपेक्षिते. सरकत्या झडपेने ती व्यवहारात एक-द्वादशांश होते. दुसरे, खालच्या रुळात पाणी साचते. ते बाहेर काढणारी भोके नसली, किंवा धुळीने बुजली, तर झडीचे पाणी रूळ ओलांडून खोलीत येते. तिसरे, अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला साधे पोलादी स्क्रू लावले की खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंमध्ये विद्युत्-रासायनिक क्रिया सुरू होते आणि स्क्रूभोवतालचे अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडते. चौथे, आणि सर्वांत महत्त्वाचे, चौकट आणि भिंत यांमधील फट. पूर्वी चौकट बांधकामाबरोबरच भिंतीत पुरली जाई. बदलीची खिडकी मात्र तयार पोकळीत मागाहून बसते आणि तिचा भिंतीशी सांधा सिलिकोनसारख्या लवचिक द्रव्याने भरावा लागतो. या द्रव्याचे आयुष्य धातूच्या आयुष्याहून पुष्कळ कमी आहे. ते सुटले की पुन्हा बाहेरून भरावे लागते. म्हणजे पुन्हा परांची आलीच. गजांच्या पेटीने तर तेथवर हात पोचणेही दुष्कर केले, आणि आगीच्या प्रसंगी बाहेर पडण्याची वाटही बंद केली.

६

यूपीव्हीसीची खिडकी १९५० च्या दशकात जर्मनीत तयार झाली आणि भारतात ती एकविसाव्या शतकात प्रचारात आली. विशेष हे की तिला लागणारे उद्योग या परिसराला अपरिचित नव्हते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६८ मध्ये नोसिलचा नाफ्था विघटन कारखाना सुरू होऊन पेट्रोरसायनांचे युग येथे आले होते. तळोजे येथे १९९० च्या दशकात फ्लोट काचेचे उत्पादन सुरू झाले. वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून तिचा सपाट पत्रा करण्याची ही पद्धती इंग्लंडमधील पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली होती.

या खिडकीचे गुण निर्विवाद आहेत. मीठ तिला बाधत नाही. अ‍ॅल्युमिनियमपेक्षा ती उष्णता पुष्कळच कमी वाहते. रबरी पट्ट्यांमुळे झडप चौकटीवर घट्ट दाबली जाते, म्हणून पाऊस व आवाज दोन्ही अडतात. नव्या मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाल्यानंतर ध्वनिरोधाच्या प्रश्नाला येथे नवे महत्त्व आले आहे. परंतु आवाज अडतो तो खिडकी बंद असेतोच, आणि दमट हवेत खिडकी सतत बंद ठेवणे म्हणजे वातानुकूलनाचा खर्च पत्करणे होय.

तिच्या मर्यादाही तिच्या घडणीतच आहेत. प्लास्टिक उन्हाने अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावते, म्हणून भिंतीशी असलेल्या सांध्यात ती वाढ सामावून घेणारी जागा ठेवावी लागते. ती न ठेवता चौकट ठोकून बसविली तर झडपा अडकतात. आतील पोकळीत पोलादी पट्टी घालून तिला ताठरपणा द्यावा लागतो. ही पट्टी जस्तलेपित नसली, किंवा खर्च वाचविण्यासाठी गाळली गेली, तर दोष बाहेरून दिसत नाही. मुंबईसाठी भारतीय मानकांनी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावर वाऱ्याचा मारा किती तीव्र असू शकतो हे दाखवून दिले आहे. तेव्हा वरच्या मजल्यावरील मोठ्या खिडकीत ही न दिसणारी पट्टी निर्णायक ठरते. शिवाय या चौकटीचे कोपरे वितळवून जोडलेले असतात आणि कुलपे, बिजागऱ्या त्या त्या कंपनीच्या विशिष्ट घडणीच्या असतात. पंधरा वर्षांनी एखादी बिजागरी मोडली आणि ती घडण बाजारातून गेली असली, तर द्रव्य शाबूत असूनही सबंध खिडकी बदलावी लागेल. शिंपल्याच्या तावदानाच्या नेमकी उलट अशी ही अवस्था आहे.

७

या इतिहासाला कायद्याची एक बाजू आहे आणि आजचे बरेचसे तंटे तेथूनच उद्भवतात. सहकारी गृहनिर्माण संस्थेत सदनिकेच्या आतील दुरुस्ती सभासदाची, तर बाहेरील भिंतीची व संरचनेची जबाबदारी संस्थेची, असा सामान्य विभाग आहे. खिडकी मात्र या दोहोंच्या सीमेवर बसते. खोलीत ओल आली तर ती खिडकीच्या सांध्यातून की भिंतीच्या भेगेतून, याचा निर्णय सहज होत नाही. सभासद संस्थेकडे बोट दाखवितो, संस्था सभासदाने परस्पर बसविलेल्या खिडकीकडे. मधल्या काळात पाणी मुरून आतील सळया गंजतात आणि नुकसान उभयतांचे होते.

याला जोडूनच इमारतीच्या शेष आयुष्याचा प्रश्न येतो. वाशीतील सिडकोनिर्मित जेएन-१ व जेएन-२ प्रकारच्या इमारतींच्या दुरवस्थेचा प्रश्न अनेक वर्षे गाजत राहिला. २०१५ मध्ये राज्य शासनाने नवी मुंबईतील अशा धोकादायक इमारतींच्या पुनर्विकासासाठी वाढीव चटईक्षेत्र निर्देशांक मंजूर केला. आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी व्हावयास हवी. जी इमारत आठ-दहा वर्षांत पाडली जाणार तिच्यात चाळीस वर्षे टिकणारी खिडकी बसविणे हा टिकाऊपणा नव्हे. आणि जी आणखी तीन दशके उभी राहणार तिच्यात सर्वांत स्वस्त खिडकी बसविणे ही काटकसर नव्हे. खिडकीच्या निवडीपूर्वी तपासणीचा अहवाल वाचणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

८

वरील विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. खाडीकाठच्या या प्रदेशात कोणतेही एक द्रव्य निरपवाद श्रेष्ठ ठरत नाही. खोल छज्ज्याखाली, हाताच्या टप्प्यात असलेल्या जागी सागवानी खिडकी आजही योग्य ठरू शकते. जुनी पोलादी खिडकी केवळ खालच्या पट्टीत गंजली असेल तर ती पट्टी बदलून, गंज काढून, पुन्हा रंगविणे नव्या खिडकीपेक्षा शहाणपणाचे होईल. अ‍ॅल्युमिनियम घ्यावयाचे तर पट्टीची जाडी, अ‍ॅनोडायझिंगचा थर (किनारी हवेत २५ मायक्रॉन इष्ट), स्टेनलेस स्क्रू आणि पाण्याची भोके यांवर लक्ष असावे; यूपीव्हीसी घ्यावयाचे तर आतील पोलादी पट्टी आणि सुट्या भागांची उपलब्धता यांवर. परंतु या सर्वांच्या आधी दोन प्रश्न विचारले पाहिजेत : खिडकी आणि भिंत यांमधील सांधा बाहेरून पुन्हा कोण भरणार, आणि खिडकीचा एक अवयव मोडला तर तेवढाच बदलता येईल काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एकट्या गृहस्थाजवळ नाही. संस्थेने परांची बांधली की त्याच वेळी सर्व खिडक्यांचे सांधे तपासून भरून घेण्याचा प्रघात पडला, तर आगोटीच्या जुन्या शिस्तीचेच ते सामुदायिक रूप होईल. गावठाणातील घराजवळ उत्तम द्रव्य नेहमीच होते असे नाही. पण दुरुस्तीची वेळ ठरलेली होती आणि ती करणारा माणूस ठाऊक होता. नव्या नगराने द्रव्ये सुधारली, पण या दोन गोष्टी मात्र त्याच्या हातून निसटल्या.

या विषयाची साधने विखुरलेली आहेत. संस्थांच्या सभांची इतिवृत्ते, दुरुस्तीची देयके, फॅब्रिकेटरांच्या वह्या आणि गावठाणांत अद्याप उभी असलेली जुनी घरे यांचा पद्धतशीर संग्रह व्हावयास हवा. पुनर्विकासाच्या वेगात ही घरे व ही कागदपत्रे एकदमच नाहीशी होण्याचा संभव आहे. म्हणून हे काम विद्यार्थ्यांनी विलंब न लावता हाती घेणे इष्ट होय.